मे महिन्यात उघडा पडलेला काठ रिकामा नसतो

प्रति,
पूर्व विदर्भातल्या तलावाकाठच्या नगरपालिका व नगरपंचायतींचे पदाधिकारी, मुख्याधिकारी आणि तलाव सुशोभीकरणाचे आराखडे काढणारे अभियंते व सल्लागार यांस,

स.न.वि.वि.

तलावाची पाहणी करायला तुम्ही मंडळी येता ती एप्रिल-मे महिन्यात. गाडी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभी राहते, दुपारचे साडेबारा झालेले असतात, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडाला दुपट्टा. पाणी कुठेतरी लांब मधोमध चकाकत असतं आणि तिथपर्यंतची सगळी जमीन भेगाळलेली, करडी, भकास. दोन-चार फोटो निघतात. मग अहवालात वाक्य येतं, ‘तलावाच्या सभोवती मोठ्या प्रमाणावर मोकळी जागा उपलब्ध आहे.’ त्या मोकळ्या जागेवर नकाशात पेव्हर ब्लॉकची वाट येते, काठाला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर येतं, रेलिंग, हायमास्ट, कारंजं येतं आणि गावाच्या नावाची पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरं येतात, मध्ये लाल बदाम.

ती जागा मोकळी नाही, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. ती तलावातच मोडते. पाणी सध्या तिथे नाही, इतकंच.

गावाचं नाव मुद्दामच घेत नाही. एकाचं घेतलं तर बाकीची सुटतील. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलावच साडेसहा हजारांच्या वर आहेत, आणि यांतल्या ज्या तलावाशेजारी बसस्टँड आणि बाजार आला, तिथे आज ना उद्या हा नकाशा येतोच. आमच्याकडे आला आहे. मी या गावची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलाव दिसतो, त्यामुळे पाहणी म्हणाल तर माझी रोजच चालू असते, भाजी निवडता निवडता.

हे तलाव बांधले कसे, ते आधी बघा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी जमिनीचा उतार हेरला आणि खालच्या अंगाला एकच मातीची पाळ घातली. बाकी तीन बाजूंना बांध नाहीच. तिथे पाणी उतारावर पसरत पसरत पातळ होत जातं आणि शेवटी गवतात नाहीतर धानाच्या बांध्यांत विरून जातं. पाळीला तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं दार, जास्तीचं पाणी काढून द्यायला बाजूने सांडवा, खाली पाट. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण आकार तोच राहिला. म्हणजे तलाव हा परातीच्या घाटाचा आहे आणि तुम्ही त्याची बादली करायला निघाला आहात.

परातीतलं पाणी थोडं कमी झालं तरी काठ भराभर आत सरकतो. उतार शंभराला एक असेल तर पाणी सेंटिमीटरभर उतरलं की काठ मीटरभर मागे जातो. आमच्याकडच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला साधारण सेंटिमीटरच्या आसपास होतेच. काठ रोज चालतो तो असा.

हे आकडे मी नंतर जुळवले. पोरांना ते आधीच कळलं होतं. सुट्टीत माझी मुलगी आणि नागपूरहून आलेली नणंदेची दोन मुलं दर रविवारी सकाळी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवून येतात आणि वहीत तारीख लिहितात. सुरुवात नुसत्या चढाओढीतून झाली, पाणी किती पळालं ते कोण अचूक सांगतं म्हणून. मे संपता संपता तुराट्यांची एक लांबलचक ओळ होते, आणि त्या ओळीने पाळीच्या टोकापासून पाण्यापर्यंत चालत गेलं की प्रत्येक दोन तुराट्यांमध्ये वेगळीच वस्ती दिसते.

अगदी शेवटच्या तुराटीपाशी काळा, पाय रुतणारा चिखल. तिथे शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर ऐटीत फिरत असतात. मुग्धबलाक चिखलात चोच खुपसून गोगलगाय हुडकतात. त्यांच्या चोचीच्या मध्यभागी फट असते, ती गोगलगाय धरायलाच, हे आमचा भाचा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. त्याच्या मागच्या पट्ट्यात आठ-दहा दिवसांपूर्वी पाणी सरकलेलं असतं, तिथे हिरवंगार कोवळं गवत. आख्ख्या गावात मे महिन्यात एवढं हिरवं दुसरीकडे कुठे नसतं. म्हशी तिथे, आणि म्हशींच्या पायांत गायबगळे, डोक्यामानेवर विणीचा केशरी रंग चढलेले. त्याच्याही मागे चिखल वाळून भेगा पडतात. भेगांत वाकून बघितलं तर आत ओल असते, गारवा असतो, आणि बॅटरी मारली तर बेडकाचे दोन डोळे. आणि सगळ्यात मागे, पाळीच्या टोकाकडे, टणक खडखडीत जमीन. तुमच्या नकाशातली वाट नेमकी इथून जाते.

त्या टणक जमिनीविषयी जरा सविस्तर लिहिते.

एका रविवारी तुराटी रोवायला गेलेली पोरं धावतच परत आली. टिटवी त्यांच्या डोक्यावर झेपा घेत होती आणि ओरडून तिने आभाळ डोक्यावर घेतलं होतं. अंडी मुलीला दिसली ती जवळजवळ पायाखाली आल्यावरच. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, मातकट रंगावर काळे डाग. भोवती बोटाच्या पेराएवढे खडे आणि शेळीच्या वाळक्या लेंड्या. घरटं म्हणावं असं काहीच नाही. उभ्याने बघितलं तर दिसत नाही, नजर जरा इकडची तिकडे झाली की अंडी खड्यांत हरवतात.

मग आम्ही लांब बाभळीच्या आडोशाला चटई टाकून बघत बसायला लागलो. सासूबाई पन्ह्याचा तांब्या घेऊन येत. दुपारी तीनच्या सुमाराला, पारा ४४ च्या पुढे गेलेला असताना टिटवी अंड्यांवर बसलेली नसे. ती पंख जरा सैल सोडून अंड्यांवर सावली धरून उभी असे. ऊब द्यायचा प्रश्नच नव्हता, अंडी शिजू नयेत ही चिंता होती. थोड्या वेळाने जोडीदार येई. ही त्याच्या हवाली करून चालत चालत पाण्याकडे जाई, पोटापर्यंत पाण्यात उतरे आणि उठबस करून पोटाची पिसं नीट भिजवून घेई. मग तशीच निथळत चालत परत. अंड्यांवर बसली की खालची माती काळी पडलेली दिसायची. पुन्हा थोड्या वेळाने तेच. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतल्या दुपारी, जेव्हा आमच्या घरात कूलरसमोर बसूनही जीव नकोसा होतो, तेव्हा हे दोन पक्षी सावलीचा एक ठिपकाही नसलेल्या जागी पाण्याच्या खेपा घालत असतात.

टिटवीला पंख आहेत, दगडी भिंत बांधली तर ती वरून उडून जाईल, असं तुमच्यातले कुणी म्हणतील. बरोबर आहे. पिल्लांना मात्र पंख फुटायला वेळ लागतो. ही पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की अंग वाळताच चालायला लागतात. आईबाप त्यांना चोचीने भरवत नाहीत. त्यांनी स्वतः चालत ओल्या चिखलापर्यंत जायचं, स्वतः किडे टिपायचे, धोक्याचा आवाज आला की जागच्या जागी जमिनीला चिकटायचं. कापसाच्या बोंडाएवढा तो जीव. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये गुडघाभर उंचीची उभी कड आली की खेळ खलास. कंठेरी चिखल्याचंही तेच, तो तर आणखी चिमुकला, खड्यांतच अंडी घालणारा.

पिचिंगला आमचा विरोध आहे तो या उतारासाठी. दगडाशी आमचं वैर नाही.

(सासूबाईंना या पत्राचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लिही लिही, टिटवीही समुद्र आटवते.’ चेष्टेने म्हणाल्या की मनापासून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.)

उन्हाळ्यात आमचं घर तलावाच्या घड्याळावर चालतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे सुट्टी मृग लागला तरी संपत नाही, आणि एवढी पोरं घरात कोंडून ठेवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. पहाटे पाचला सगळे पाळीवर. नऊ वाजले की दारं-खिडक्या बंद, कूलर चालू. वीज गेली की माठातल्या पाण्याने ओली केलेली चादर खिडकीला. गच्चीवर सरगुंडे, शेवया, कुरडयांचं वाळवण असतं, त्यावर राखणीला पाळीपाळीने एकेक पोर जिन्याच्या सावलीत बसतं. राखण कावळ्यांपासून करायची असते, पण वाळवण कमी होतं ते बहुतेक राखणदारामुळेच. साडेपाचला ऊन कललं की पुन्हा पाळीवर. रात्री गच्चीवर गाद्या. तलावावरून येणारा वारा रात्री अकरानंतर गार होतो, तेव्हा कुठे झोप लागते. गावाच्या आतल्या आळीतले लोक आम्हाला नशीबवान म्हणतात ते या वाऱ्यासाठी.

थंडीतली बदकं मार्चमध्येच गेलेली असतात. पाहुण्यांना वाटतं, आता काय उरलं बघायला? उरलेले आमचे घरचे. अडई संध्याकाळी शीळ घालत थव्याने येतात. हळदी-कुंकू बदकाची जोडी कमळाच्या पानांत. कमळपक्षी पानावरून पानावर. मे संपत आला की पावशा सुरू होतो, ‘पेरते व्हा’ म्हणत भर रात्रीही. कुणाला तो शेतकऱ्याला सांगतो असं वाटतं, आमच्या घरी तो वीजमंडळाला सांगतो असं मानतात, कारण बहुधा वीज गेलेली असतानाच तो स्पष्ट ऐकू येतो.

आणि सारस. हा मान गोंदिया जिल्ह्याचा. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ तेवढ्याच टापूत उरले आहेत, शेजारच्या भंडारा-चंद्रपुरात अगदी तुरळक. परसवाडा, झिलमिली ही तलावांची नावं पक्षीनिरीक्षकांना तोंडपाठ असतात ती त्यांच्यामुळे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, माणसाच्या डोक्याला डोकं लागेल एवढा. घरटं तो पावसाळ्यात करतो, धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या गवतात. मे महिन्यात त्याला लागतो तो हाच ओसरलेला काठ, कारण पाणी हटलं की चिखलातले पाणवनस्पतींचे कंद चोचीने उकरता येतात. आईबाप आणि गेल्या पावसाळ्यातलं, अजून मानेवर तांबूस छटा असलेलं पोर असं तिघांचं कुटुंब ओळीने कंद उकरताना आम्ही एका नातेवाइकाच्या गावी तासभर पाहिलं. आई उकरते आणि पोर आयतं खातं, हे बघून आमच्या पोरांकडे मी एकदा रोखून पाहिलं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सारसांच्या घटत्या संख्येची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही घेतली आहे. आमच्या तलावावर सारस येत नाहीत. सासूबाईंच्या आठवणीत येत होते.

आता गाळाविषयी. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही. तलावातला गाळ धानाच्या बांधीत टाकणं ही इथली जुनी रीत आहे, आणि २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून सरकारही तेच सांगतं. पण जेसीबी जिथे उतरवायला सोपा तिथेच उतरतो, म्हणजे काठावर. काठालगत दोन-तीन पुरुष खोल खड्डे पडतात, उभ्या कडांचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात आणि वरून सगळं सपाट दिसतं. जिथे पिढ्यान् पिढ्या पोरं पोहायला शिकली, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं असं पाणी पायाने मोजत शिकली, तिथे एका पावलात तळ नाहीसा होतो. म्हैस एकदा आत गेली तर तिला चढून येता येत नाही. आणि एवढं करून काढलेला गाळ कित्येकदा शेतात जातच नाही, काठावरच ढीग घालून ठेवतात. पहिल्या पावसात तो पुन्हा तलावात.

शेजारच्या एका बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, काम चालू असताना जेसीबीच्या बकेटातून मातीबरोबर कासव पडलेलं आम्ही पाहिलं. पाणी आटलं की हे कासव चिखलात पुरून घेऊन पडून राहतं, पावसाची वाट बघत. चालक भला होता, त्याने यंत्र थांबवलं आणि ते उचलून ओल्या बाजूला ठेवलं. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. गाळाच्या कंत्राटात त्याचा उल्लेख कुठे असतो?

कायद्याचं निघालंच आहे तर. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पक्क्या बांधकामाला ५० मीटर अंतराची अट आहे. हे नियम सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत, तेव्हा आमच्यावर बंधन नाही, असं उत्तर मला तोंडी मिळालं आहे. बरं, नसेल बंधन. पण ते ५० मीटर मोजायचे कुठून, हे तरी त्या नियमांतून घ्या. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून. म्हणजे भर पावसाळ्यात पाणी जिथवर येतं तिथून पुढे. तुमच्या नकाशात ‘जलरेषा’ म्हणून जी निळी रेघ काढली आहे, ती आमच्या पोरांच्या तुराट्यांच्या ओळीत मधेच कुठेतरी येते. ती एप्रिलमधली रेघ आहे. जुलैत ती वाट पाण्याखाली असेल, आणि मग पाणी येऊ नये म्हणून तुम्ही भर टाकाल. तलाव लहान होतो तो असा, कुणी अतिक्रमण केलं असं न म्हणताही.

ढीवर मंडळींना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, एकदा विचारा. या उथळ गवताळ पट्ट्याचं त्यांना कुणी शिकवायला नको. पहिल्या जोराच्या पावसात देशी मासे खोल पाणी सोडून उथळाकडे, वाहत्या पाण्याच्या उलट चढतात आणि बुडालेल्या गवतात अंडी घालतात. मे महिन्यातला तुमचा ओसाड पट्टा जुलैत माशांचं बाळंतपणाचं घर असतो. कटला-रोहूचं बीज विकत आणून सोडता येतं. मरळ, मागूर मात्र आपली आपण वाढायला हवीत, आणि बाजारात भाव त्यांनाच जास्त. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजातल्या बायकांनी तलावांत माजलेलं बेशरम नावाचं तण मुळापासून उपटलं, उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन नांगरली आणि पाऊस आल्यावर तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परत आले, पाठोपाठ पक्षी आले. त्या कामात पेव्हर ब्लॉक कुठेच नव्हता.

मला ठाऊक आहे, लोकांना फिरायला जागा हवी आहे. मलाही हवी आहे. माझे सासरे गुडघ्यांमुळे खडबडीत वाटेवर चालू शकत नाहीत, आणि ‘फक्त टिटव्यांचं बघतेस, म्हाताऱ्यांचं काय’ हा प्रश्न मला घरातच विचारला गेला आहे. त्याचं उत्तर पाळ. चौथी बाजू. ती माणसांनीच घातलेली आहे, माणसांच्याच चालण्याची आहे, वर आंब्या-कडुलिंबाची झाडं आहेत. तिथे वाट सपाट करा, बाक टाका, प्यायच्या पाण्याची सोय करा, पायाखाली उजेड पडेल असे बुटके दिवे लावा. हायमास्ट मात्र नको. त्याच्याखाली पावसाच्या तोंडावर किड्यांचा खच पडतो आणि गच्चीवर झोपणाऱ्या अख्ख्या आळीच्या डोळ्यांवर रात्रभर दुपार होते. बाकीच्या तीन बाजूंना काहीच करू नका. काहीच न करण्याची निविदा निघत नाही, ही तुमची अडचण मी समजू शकते.

खर्च करायलाच हवा असेल तर नाल्यांवर करा. गावातले नाले सरळ तलावात सोडलेले आहेत. पावसाळ्यात ते लपतं, उन्हाळ्यात पाणी थोडं आणि सांडपाणी तेवढंच, त्यामुळे हिरवी साय धरते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच. त्यात रात्रभर ती शेवाळंही ऑक्सिजन ओढतात. म्हणून मासे मरतात ते पहाटे. सूर्य उगवायच्या आधी पाळीवर गेलं तर मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात, आणि पुढच्या पहाटे ते पांढरी पोटं वर करून तरंगत असतात. दरवर्षी कुणीतरी विष टाकल्याची आवई उठते. एकाही वर्षी विष सापडलेलं मी ऐकलं नाही. मरळ त्यातून वाचते, कारण ती वर येऊन हवेतला श्वास घेते. कटला बिचारा मरतो. ज्यांनी वर्षभर राखण केली त्या मच्छीमार सोसायटीचं नुकसान होतं ते वेगळंच. कारंजाने पाण्यात थोडा ऑक्सिजन मिसळतो हे खरं, पण नाला चालू ठेवून कारंजं बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डासांचा मुद्दा बैठकीत येईलच. आमच्या घरी डास आहेत, नाही म्हणत नाही. पण ते होतात तुंबलेल्या नाल्यात, कूलरच्या टाकीत आणि छतावरच्या टायरात. तलावाच्या उथळ पाण्यात डासांच्या अळ्या खायला मासे आहेत, चतुरांची पिल्लं आहेत. गटाराला यांपैकी कुणीच नाही.

तेव्हा मागणी थोडक्यात अशी. निळी रेघ पूरपातळीवर न्या. पिचिंग फक्त पाळीच्या आतल्या अंगाला, तेही जिथे माती ढासळते तिथेच. गाळ मधल्या खोल भागातून काढा, काठाचा उतार मोडू नका, आणि काम सुरू करायच्या आदल्या दिवशी काठावर राहणाऱ्या कुणालाही बरोबर घेऊन एक फेरी मारा, टिटवी आपण होऊनच सांगेल कुठे पाय टाकायचा नाही ते. तुडुमाची गळती पावसाआधी बुजवा, गेली काही वर्षं तेच राहून जातं आहे. बेशरम काढायचं काम ढीवर बायकांना मजुरी देऊन द्या. त्या इंग्रजी अक्षरांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. बसस्टँडवर ती शोभतील.

आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्याची नोटीस निघाली असेल तर हे पत्र हरकत म्हणूनच दाखल करून घ्यावं. पोरांची तुराट्यांची वही पुरावा म्हणून जोडायला तयार आहे, त्यात तारखेसकट सगळं आहे, शिवाय कुणी कुणाला चिखलात ढकललं तेही. छायाप्रत घेऊन मूळ वही मात्र त्याच दिवशी परत द्यावी, कारण येत्या रविवारची तुराटी रोवायची बाकी आहे.

कळावे,
तलावाच्या पाळीलगत राहणारी एक गृहिणी